आडवं न आलेलं कुत्रं

आमच्या गावात पारासमोर दुधाचा टेम्पो रोज संध्याकाळी उभा असतो. तो हलत नाही, वळत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा टेम्पोला जाऊन धडकायचं म्हणजे माणसाच्या अंगी खास कर्तबगारी लागते. ती माझ्या अंगी निघाली.

माझं सासर वरवे बुद्रुकचं आणि शाळा वेल्ह्याच्याही पलीकडं. आधी वीसेक वर्षं मी वडापच्या जीपनं गेले. वडापमध्ये बाईमाणसाला जागा मिळते, पण ती कुणाच्या तरी गुडघ्यांच्या मधे मिळते. शेवटी पन्नाशीच्या उंबऱ्यावर मी गाडी शिकले आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. पुण्यातल्या कुणीतरी ती आधी दहा वर्षं वापरली होती. पदरी पडलं आणि पवित्र झालं, म्हणून मी तिला हळदीकुंकू वाहिलं आणि दुसऱ्याच महिन्यापासून स्वतःला मोठी ड्रायव्हर समजायला लागले. स्टाफरूममध्ये मी लोकांना क्लच कसा सोडावा ते सांगत असे. ज्यांना सांगत असे ते माझ्या आधीपासून गाडी चालवत होते, पण माझ्या ते कधी डोक्यात आलं नाही.

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले सगळ्यांत थोरले. दिवसभराचं शेतातलं उरकलं की ते पारावर येऊन बसतात, रस्त्याकडं तोंड करून. कुठली एस.टी. उशिरा आली, कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या टेम्पोत किती पोती गेली, सगळं त्यांना ठाऊक असतं. रस्ता हाच त्यांचा टीव्ही. आणि आमच्याकडं थोरल्या सासऱ्यांसमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा असतो. याला मी कधी ना म्हटलं नाही आणि आबांनी कधी तो मागितला नाही. हे असं चालत आलेलं आहे. गाडी आल्यापासून मी त्यात एक सोय काढली होती. गावाआधीच्या पुलावर गाडी हळू करायची, एका हातानं पदर डोक्यावर ओढायचा आणि मग मानानं पारावरून जायचं.

त्या दिवशी शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, घाटातसुद्धा तुमचा हात छान बसलाय." झालं. मार्गासनीपासून नसरापूरपर्यंत मी त्याच वाक्यावर गाडी चालवत होते. पूल कधी मागं पडला कळलंच नाही. वळण घेतलं आणि समोर पारावर आबा, थेट माझ्याकडं बघत असलेले.

माझा डावा हात आपोआप मागं गेला. पण पदर सकाळी खांद्याला पिन लावून बसवलेला, त्याचं टोक पाठीखाली दबलेलं. मी पुढं वाकून ओढला, तर सीटबेल्टनं मला जागच्या जागी धरून ठेवलं. मग उजवा हातही मदतीला धावला. एवढ्या खटपटीनं पदर एकदाचा आला, तो थेट डोळ्यांवर. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

बॉनेट उघडून उभं राहिलं होतं. एक दिवा फुटला होता, बंपर रस्त्यावर, आणि रेडिएटरमधून वाफ. टेम्पोचं काही बिघडलं नव्हतं, फक्त एक कॅन कलंडला. आणि मी काय केलं असेल? खोटं सांगत नाही, आधी पदर नीट केला. आबा पारावरून उतरून खिडकीशी आले.

"सूनबाई, लागलं का कुठं?"

"न्हाई आबा."

त्यांनी गाडीकडं पाहिलं, टेम्पोकडं पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या पदराकडं पाहिलं. आणि परत जाऊन बसले. मला वाटलं, संपलं. गाडीचा निकाल लागला.

घरी पडवीत सगळे जमले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "म्या आदीपासनं म्हनत हुते." त्या आधीपासून काय म्हणत होत्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या ह्यांचा हिशोब साधा असतो. "गाडी जेवढ्याची न्हाई तेवढा खर्च. नाकापेक्षा मोती जड. भंगारवाल्याला देऊ." म्हणजे मी पुन्हा वडापमध्ये, पुन्हा कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये, आणि तेही निवृत्तीपर्यंत. मी हट्टानं म्हणाले, "विमा आहे की गाडीला." तेव्हा सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, "इमा काय म्हनतोय ते बगा आदी." एवढंच. पण घरानं तो हुकूम मानला. विमा मंजूर झाला तर गाडी राहील, नाही तर भंगारात.

"पण झालं कसं?" असं ह्यांनी विचारलं. आता काय सांगणार? तुमच्या चुलत्यांना बघून पदर घ्यायला गेले, असं म्हणायचं तर दोष आबांच्या डोक्यावर जातो, आणि आबा समोर बसलेले. मी म्हणाले, "जरा लक्ष दुसरीकडं गेलं." आबा पान चघळत माझ्याकडं बघत होते.

विमा उतरवला होता नणंदेच्या यजमानांनी. दाजी शेती करतात आणि जोडीला विम्याचं काम. ते मोटारसायकलवरून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. कुत्रं आडवं आलं म्हणून सांगा."

"पण कुत्रं नव्हतं."

"कुणाच्याच वेळी नसतं हो. चूक आपली आहे म्हटलं की कंपनी हात वर करती." दाजींच्या सांगण्यावरून पाहिलं तर भोर तालुक्यातल्या कुत्र्यांना आडवं येण्यापलीकडं दुसरं कामच नसावं. मला एका गोष्टीची मात्र फार लाज वाटत होती. खऱ्या प्रसंगात ज्या जागी आबा बसले होते, त्या जागी मी कुत्रं बसवत होते. तरी मी हो म्हटलं. वडाप आठवला आणि हो म्हटलं.

गाडी शिवऱ्याला हायवेच्या कडेच्या गॅरेजात नेली. ओढून नेली ती दुधाच्या टेम्पोनंच. ज्याला धडकले त्यानंच खांद्यावर घेतलं. मिस्त्री बंपर हातात घेऊन म्हणाला, "गाडीचं वय झालंय मॅडम. प्लॅस्टिकच्या भागांचे विम्यातून निम्मेच पैसे मिळणार."

"माझंही वय झालंय," मी म्हणाले. "माझे किती मिळतील?"

तो हसला नाही. त्याला बहुधा असे विनोद रोज ऐकावे लागत असावेत.

विम्याचा सर्व्हेअर नुकसान बघायला यायचा होता त्या दिवशी ह्यांची कंपनीत पाळी होती. मी एकटी निघाले तर आबा टोपी घालून दारात उभे. "गॅरेजात बाईमानूस एकलं कशाला? म्या येतो." त्यांच्यासमोर कुत्रं कसं आणणार? पण थोरल्या माणसाला येऊ नका म्हणायची सोय नाही. दुधाच्या टेम्पोतच बसून आम्ही शिवऱ्याला गेलो. तिथं कुणाच्या तरी मोटारीची काढून ठेवलेली सीट भिंतीला लावलेली होती, तिच्यावर आबा काठी पुढ्यात धरून बसले. मी पदर घेऊन उभी.

सर्व्हेअर तिशीतला, अगदी शांत. त्यानं मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले आणि विचारलं, "कसं झालं मॅडम?"

"कुत्रं आडवं आलं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच पोरकट वाटला.

"कुठून आलं?"

"डावीकडून."

"आणि टेम्पो?"

"तोही डावीकडंच उभा होता."

"मग कुत्रं डावीकडून आल्यावर तुम्ही गाडी डावीकडंच घेतली? कुत्र्याकडं?"

मी जन्मभर पोरांचं खोटं पकडत आले. वही घरी राहिली म्हणणाऱ्याला मी विचारते, कुठं राहिली, कशावर राहिली, शेजारी काय होतं. खोटं बोलणारं पोर घाबरलं की तपशील वाढवतं, हे मी नव्या शिक्षकांना शिकवते. आणि मी काय करावं? मी म्हणाले, "तांबडं होतं. शेपूट तुटकी होती." सर्व्हेअरनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चौथीच्या वर्गात मी जसं पाहते, अगदी तसं.

"कुणी पाहिलं का?" त्यानं विचारलं.

भिंतीकडून आवाज आला. "सायेब, कुत्रं न्हवतं. म्या हुतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, मला तर गॅरेजातला तेलकट खड्डासुद्धा चालला असता.

"तुम्ही आडवे आलात का?" सर्व्हेअरनं विचारलं.

"न्हाई. म्या पारावर बसलो हुतो. मला बगून सूनबाई डोईवर पदर घ्याया गेली. त्यो अडाकला पट्ट्यात. मग दोनी हात गुतलं. म्या समदं बगितलं." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तिचा हात चांगला हाय गाडीवर. रोज बगतो म्या. चूक लिवायचीच आसंल तर माजी लिवा."

तिचा हात चांगला आहे. मुख्याध्यापक म्हणाले तेव्हा मी हवेत गेले होते, आणि आता आबा म्हणाले तर मला मान वर करता येईना.

सर्व्हेअरनं मोबाईल खिशात ठेवला. "मॅडम," तो म्हणाला, "माणसाच्या हातून चूक होते म्हणून तर विमा उतरवतात. पदर सावरताना स्टिअरिंग सुटलं, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. खोटं निघालं की मात्र क्लेम अडतो." मी खाली मान घालून पुन्हा पहिल्यापासून खरं सांगितलं. ते कुत्र्यापेक्षा पुष्कळ थोडक्यात झालं.

परत येताना टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, आबा आणि मी. मग आबा समोर बघत म्हणाले, "शाळंत पोरास्नी बी आसंच शिकवतीस का?"

ड्रायव्हरनं हसू दाबलं. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग घरी का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हनून थांबलो हुतो," ते म्हणाले.

त्यांच्या मानाला धक्का लागू नये म्हणून मी गप्प बसले होते, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे मी माझीच अब्रू झाकत होते. सासऱ्याचा मान राखायला गेले आणि टेम्पोवर आदळले, हे स्टाफरूममध्ये कळलं तर क्लचवरची माझी व्याख्यानं बंद पडली असती. ती तशीही पडलीच.

क्लेम मंजूर झाला. जे कापायचं ते कापलं, उरलेलं आम्ही घातलं, आणि गाडी नव्या बंपरनं घरी आली. बंपर पांढराशुभ्र आणि बाकी गाडी दुधाच्या सायीच्या रंगाची. आत्याबाईंनी नारळ फोडला आणि वर म्हणाल्या, "आता तरी फुडं बग." हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी मी शाळेतून परत येताना पुलावर गाडी कडेला घेऊन चक्क थांबवली. बेल्ट सोडला, पदर डोक्यावर घेतला, पिन लावली, बेल्ट लावला आणि मग निघाले. पाराशी आले, तर आबा रस्त्याकडं पाठ करून बसलेले. बाकी सगळे नेहमीसारखे रस्त्याकडं तोंड करून, आणि आबा एकटे पिंपळाच्या बुंध्याकडं बघत. खोटं बोलणाऱ्या सुनेचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशीही तेच. मी घरी येऊन आत्याबाईंना म्हणाले, "आबा माझ्यावर रुसलेत. पाठ करून बसतात."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "रुसत्यात कशापायी? तुज्या गाडीचा आवाज आला की पाठ फिरवत्यात. मला म्हनले, सून दिसली न्हाई म्हंजी तिला पदर घ्याया नको. दोनी हात गाडीवर ऱ्हाऊ देत. पारावरची मान्सं हासत्यात त्यास्नी, तरी बसत्यात तसंच."

जन्मभर रस्त्याकडं तोंड करून बसलेला माणूस, आणि माझी गाडी आली की तेवढा वेळ झाडाकडं बघत बसतो.

तिसऱ्या दिवशी मी पुलावर थांबले नाही. पदर खांद्यावर पिन लावलेला तसाच राहू दिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वळण घेतलं. आबांची पाठ आणि टोपी दिसली. दुधाचा टेम्पो त्याच्या जागी उभा होता, त्याला अंतर देऊन मी पुढं गेले. मग आरशात पाहिलं. आबा एक हात गुडघ्यावर टेकून, काठीच्या आधारानं, सावकाश परत रस्त्याकडं वळत होते.