दारात बसायचं न्हाई

व्यक्तिचित्र म्हणलं की तुमच्या डोळ्यासमोर एक म्हातारी आली असणार. मऊ हाताची, तोंडभर हसणारी, आल्यागेल्याला "जेवलास का लेकरा" विचारणारी. तिला आधी बाहेर काढा. कौसाअक्काचा हात माझ्या डोक्यावरून कधीच फिरला नाही, डोक्यात मात्र बऱ्याचदा बसला. आता पुढं रेल्वेचा अपघात येणार म्हणल्यावर तुम्ही एखादी शूर बाई धरून चालला असाल, तर तेही सोडा. आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनावर तिच्याइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. भित्रं आणि वरून भांडखोर.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पॅसेंजरच्या डब्यात. मी उदगीरला कॉलेजला जायचो, महिन्याचा पास होता. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. बाकीच्या टोळ्या ट्रॅक्टरनं, ट्रकनं जातात. अक्काची टोळी कर्नाटकात जायची आणि ती मात्र रेल्वेनंच. मुकादम दरसाल ट्रॅक्टर पाठवतो म्हणायचा आणि अक्का दरसाल एकच उत्तर द्यायची, "तू बस तुज्या टॅक्टरात. आमी न्हाई."

त्या दिवशी गाडी लागली, टोळी डब्यात घुसली आणि एक काळी, उंच, काटकुळी बाई थेट सीटवर चढून उभी राहिली.

"कोयते काढा!"

सगळा डबा दचकला. एक मास्तर तर बॅग छातीशी धरून उठलेच, त्यांना वाटलं दरोडा पडला. टोळीतल्या माणसांनी मात्र गुपचूप आपापले कोयते पुढं केले. अक्कानं ते पोत्यात गुंडाळले, सुतळीनं करकचून बांधले आणि सीटखाली सारले. मग भांडी. पातेली, कळशी, तवा, सगळं दोरीनं सीटच्या पायाला. मग खिडक्या, कुठली वर सरकते आणि कुठली अडकते. मग मान वर करून, "साकळी कुटं हाय? वढली तर गाडी थांबती का नुसतीच लावून ठिवलीय?"

"ओढून बघू का अक्का?" मी म्हणलं.

"वढ की. मग पोलीस तुला वढतेत."

सगळ्यात शेवटी तिकिटं. त्या टोळीची पद्धतच होती, सगळ्यांची तिकिटं मोठ्या बाईच्या पदराला. गड्यांच्या खिशातून तिकीट बिडीच्या बंडलाबरोबर बाहेर यायचं आणि वाऱ्यावर जायचं, म्हणून. अक्का सगळी तिकिटं एकात एक घडी करून पदराच्या टोकाला बांधायची, गाठ दातानं आवळायची आणि पदर कमरेला खोचायची. टीसी आला की त्या गाठीवर हात ठेवून म्हणायची, "मोज माणसं. समद्यायची हितं हायती." टीसीनं गाठ सोडायला लावली तर तिची बडबड पुढच्या स्टेशनापर्यंत पुरायची.

असलं माणूस समोर आल्यावर माझ्यासारख्याचं कसं होणार? शाळेच्या गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल त्यांच्याच समोर केली होती. पुढचं स्टेशन यायच्या आत मी मित्रांना अक्काचा आवाज काढून दाखवायला लागलो. थोडा घोगरा, प्रत्येक वाक्य भांडणाच्या मधूनच सुरू झाल्यासारखं. तिनं ऐकलं.

"मला हसायलास व्हय रे, मुडद्या?"

मुडद्या हा तिचा ठेवणीतला शब्द. मुकादम मुडद्या, टीसी मुडद्या, उशिरा येणारी गाडीसुद्धा मुडदी. मला तिनं त्यात बढती देऊन नकल्या केलं, पण राग आला की परत मुडद्या.

तिचा मुलगा बबन माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याची जागा ठरलेली, डब्याच्या दारात, पाय बाहेर, एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात मोबाईल. अक्काचं आख्ख्या प्रवासात एकच चालायचं, "दारात बसायचं न्हाई. आत ये." तो म्हणायचा, "येतो." आणि यायचा नाही. एकदा मी त्याच्या शेजारी जाऊन अक्काची कोयते बांधायची नक्कल केली. तो हसला नाही. बाहेर पळणाऱ्या तुरीकडं बघत म्हणाला, "ती नको करू बे. माझा बाप टॅक्टर पलटी झाला तवा गेला. पडून न्हाई गेला. पडला तवा धड होता. वरून कोयता आला."

त्यानंतर मी नकला बंद केल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं पोतं आणि सुतळी काढून टाकली. आणि एक गोष्ट दिसायला लागली, जी आधी दिसत नव्हती. गाडीनं नुसता ब्रेक मारला तरी अक्काचा हात सीटखाली जायचा. झोपेत असली तरी जायचा. पोतं जागेवर आहे का बघायचा आणि मागं यायचा.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी पोतं नीट बसतच नव्हतं. दुपारची वेळ, डबा गच्च. अक्कानं सुतळी सोडली, परत बांधली, परत सोडली. पलीकडची खिडकी अर्ध्यात अडकलेली. "ही वर कावून जाईना?" तिनं दोघा गड्यांना लावलं, तरी ती हलली नाही. अक्का तिथंच बघत बसली. टोळीतली बरीचशी माणसं बांधाबांध करून दमून झोपली होती. बबनची बायको रेखा बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळं तो एकटाच, दारात. मी दारालगतच्या सीटवर बसून हळू आवाजात मित्रांना अक्का ऐकवत होतो. ती बोलली की मी तेच परत बोलायचो. म्हणून त्या दिवशीचा शब्द न् शब्द माझ्या तोंडात राहिला.

बबन दारातून म्हणाला, "माय, माझं तिकीट दे की माझ्याजवळ. टीसीनं हितं धरलं तर?"

"टीसी आला तर माज्याकडं धाड. तुजं तिकीट माज्या पदरात हाय. तू आत ये."

"येतो."

"येतो येतो करू नको. ऊठ."

"येतो म्हणलं ना माय."

"न्हाई येत? मर मग तितंच, मुडद्या!"

मी तेही तोंडातल्या तोंडात म्हणायला घेतलं. 'मर मग' एवढंच झालं.

गाडीला उचकी लागल्यासारखं झालं. एक, दुसरी. मग खालून दगड चावल्यासारखा आवाज सुरू झाला, तो वाढतच गेला, आणि सगळा डबा एका अंगावर कलायला लागला. सावकाश. ओरडायला वेळ मिळेल इतका सावकाश. दाराची बाजू खाली गेली.

डबा थांबला. धूळ, आणि दोरीला लटकलेल्या पातेल्यांचा एकमेकांवर आपटल्याचा आवाज. एकही भांडं सुटलं नव्हतं. पोतं होतं तिथंच होतं. आमच्या डब्यात कोयत्यानं कोणालाही काही झालं नाही. माझी पोटरी मात्र खिडकीच्या वाकलेल्या गजानं उघडली होती आणि रक्त थांबत नव्हतं. अक्का सरपटत आली. कापायला काही नव्हतं, कारण कापायचं सगळं तिनंच बांधून ठेवलं होतं. तिनं पदर दातात धरला, टरकन फाडला आणि माझा पाय आवळला. गाठ बरोबर जखमेवर. "हालू नको, मुडद्या."

मग तिनं मान वळवून दाराकडं बघितलं. तिथं आता माती होती.

"बबन," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. तेवढाच एक शब्द मला आजपर्यंत काढता आलेला नाही.

दवाखान्यात माझ्या पायावरची चिंधी कात्रीनं कापली आणि घाणीच्या बादलीत गेली. आख्ख्या टोळीची तिकिटं त्या चिंधीच्या गाठीत होती. कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही, मी शुद्धीत कुठं होतो.

पुढं क्लेमच्या कोर्टात दावे लागले. माझं पासावर नाव होतं, लवकर मिटलं. टोळीतल्या जखमींना डब्यातून काढलं होतं, त्यांचंही चालायला लागलं. रेखाच्या दाव्याला मात्र रेल्वेचं उत्तर आलं, आणि अंबाजोगाईच्या आमच्या वकीलसाहेबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. मयत इसम गाडीचा प्रवासी होता हे मान्य नाही. तिकीट सापडलं नाही. प्रेत डब्याबाहेर, रुळाच्या कडेला.

"म्हंजी?" अक्का म्हणाली.

"म्हणजे त्यांचं म्हणणं असं की बबन गाडीत नव्हताच. रुळाजवळ आलेला कोणीतरी होता."

"मग तितं काय करायलता त्यो? शेरडं राखायलता?"

रेखा मांडीवरच्या पोराचं टोपडं सारखं करत राहिली. त्या पोराला बापानं बघितलंही नव्हतं, आणि आता कोर्टाच्या लेखी त्याचा बाप गाडीतही नव्हता.

टोळीतल्यांची साक्ष होती, पण त्यांचेही दावे चालू. समोरचा वकील म्हणणार, हे सगळे एकमेकांचे. म्हणून अक्काची साक्ष महत्त्वाची होती. तिची तयारी करून घ्यायला वकीलसाहेबांनी मलाच रेल्वेचा वकील केलं. मी त्याला एका तारखेला बघून आलतो. नाकातून बोलायचा, चष्मा काढायचा, परत घालायचा.

"तर बाई, तिकिटं तुमच्या पदरात होती म्हणता. मग पदर कुठाय?"

"तुज्यावानी एकाच्या पायाला बांदला."

"सगळ्यांची तिकिटं एकीच्याच जवळ? हे कसं पटावं?"

"तुज्या घरच्या किल्ल्या कोनाजवळ असत्यात? बायकूजवळच का न्हाई?"

वकीलसाहेब खूश. "अक्का, असंच बोला. आता शेवटचा प्रश्न. मुलाशी तुमचं तिकिटाबद्दल शेवटचं बोलणं काय झालं?"

मी चष्मा काढला, घातला, परत विचारलं. अक्का भिंतीकडं बघत राहिली. त्यानंतरही प्रत्येक वेळी गाडी तिथंच अडायची. तिकिटाचं सांगायचं तर त्याच्या मागून येणारं वाक्यही तोंडात येणार, हे मला कळत होतं. वकीलसाहेबांना कळत नव्हतं. आणि अजून एक मला कळलं होतं. अपघातापासून तिच्या तोंडातून मुडद्या हा शब्द गेला होता. मुकादमाला नाही, शेळीला नाही, मला नाही. ती कोणालाच मुडद्या म्हणत नव्हती.

मीच म्हणलं, "साहेब, ते मी सांगतो. मी शेजारीच होतो."

कोर्ट लांबच्या मोठ्या शहरात. मी उभा राहिलो, सुरुवात केली आणि सवयीनं अक्काच्या आवाजात गेलो. वर बसलेले साहेब कडाडले, "हे नाटकाचं स्टेज नाही! स्वतःच्या आवाजात बोला."

"सॉरी साहेब. पण माझ्या आवाजात मला ते आठवतच नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं, आणि हातानं पुढं चल म्हणून सांगितलं. मी सांगितलं. तिकीट दे की माय. टीसी आला तर माज्याकडं धाड. तुजं तिकीट माज्या पदरात हाय. तू आत ये. टाईप करणारी बाई टाईप करायची थांबली होती.

रेल्वेच्या वकिलानं चष्मा काढला. "मग तो आत आला?"

"नाही."

"त्यावर आई काय म्हणाली?"

मी मागं बघितलं. अक्का बाकावर बसली होती, हात कमरेला, जिथं गाठ असायची तिथं.

"काही नाही. गप बसल्या."

निकाल रेखाच्या बाजूनं लागला. बबन तिकीट काढून बसलेला प्रवासी होता, असं कागदावर आलं. पण ते बऱ्याच महिन्यांनी. तोवर अक्का नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं, घरातच गेली. तिनं निकाल ऐकला नाही, पण साक्षीच्या दिवशी परतीच्या गाडीत मला जे ऐकवलं ते मी ऐकलंय.

रेखा पोराला घेऊन आत झोपली होती. कोर्टातून निघाल्यापासून अक्का माझ्याकडं बघत नव्हती. मला आत बसवेना, म्हणून मी दाराशी येऊन उभा राहिलो. चालत्या गाडीत जागा न सोडणारी ती बाई सीटा धरत धरत माझ्यापर्यंत आली.

"नकल्या, मी गप बसले व्हते?"

"अक्का, त्या वकिलानं उलटा अर्थ काढला असता…"

"त्याचं मला सांगू नको. तुला इचारायले. गाडीभर माज्या नकला केल्यास. शिव्या ऐकवल्यास, खोकला ऐकवलास. आन् त्या सायबापुडं कौसा गप बसली? कवा गप बसले व्हते रे मी? माज्या म्हनन्यानं पोरगं गेलं न्हाई, येवडं मला कळतं. पर म्हनले व्हते मी. ते माजं हाय. तवापासून गिळंना झालंय न् थुकंना झालंय. वाटलं, माज्याच्यानं न्हाई तर तुज्या तोंडानं एकदा भायेर यील. तर तू शपथ घिऊन खोटं बोललास. माजी कीव करायलास? भिकारीन हाय का मी?"

मी दाराची दांडी घट्ट धरली.

"म्हन."

"काय?"

"काय म्हनले व्हते ते म्हन. माज्याच आवाजात. सगळं."

मी म्हणलं. रुळांचा खडखडाट होता, त्यात तो आवाज मलाच धड ऐकू आला नाही.

"आसं न्हाई," ती म्हणाली. "जोरात म्हनले व्हते."

मी जोरात म्हणलं. डब्यातल्या दोघाचौघांनी वळून बघितलं. अक्का डोळे मिटून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं कमरेचा हात काढला, माझी कॉलर धरली आणि हिसडा दिला.

"आन् येवडं समदं व्हऊन दारातच हुबा हाईस व्हय, मुडद्या? चल आत."