इश्वरभाऊंचा कोरा टायर

काडीपेटीतली काडी टायरच्या खाचेत उभी करायची. गुल पूर्ण बुडाला की टायर चांगला.

त्याच काडीने मग दात कोरायचे.

टायरमध्ये अडकलेले खडे चाकूने उकरायचे. त्याच चाकूने सुपारी कापायची आणि शेजारच्यालाही द्यायची.

झिजलेल्या टायरवर थुंकी लावून अंगठ्याने घासायचं. काळा अंगठा सीटला पुसायचा.

या इश्वरभाऊंच्या सवयी. साकोलीला बसस्टँडसमोर त्यांची अँबेसेडर टॅक्सी उभी असे. मी १९७९ साली मराठी घेऊन बी.ए. झालो. नोकरी नव्हती. त्यांच्या शेजारी बसून भंडाऱ्याला फुकट जात-येत असे. ते पन्नाशीचे, मी बावीसचा, तरी मैत्री होती. ती सुपारी मीही खात असे. आता सुपारीला हात लावत नाही.

१९७४ साली त्यांनी नागपुराहून एक नवा टायर आणला होता. तेव्हा नवा टायर सहज मिळत नसे. मिळालाच तर तो लावायचा नाही, जपायचा. इश्वरभाऊंनी तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला. दर दसऱ्याला बाहेर काढायचा, जवसाच्या तेलाने चोळायचा, वर हळदकुंकू. टायर चकचकीत दिसे. सारी गल्ली पाहायला येई. मीही हात जोडले आहेत. खोलीला खवट तेलाचा वास येई. तिथेच बसून आम्ही जेवत असू.

१९८२ च्या मे महिन्यात टॅक्सीच्या पुढच्या टायरचे धागे दिसू लागले. तेव्हा आठ वर्षांनी कोरा टायर बाहेर आला. तो चढवायला आम्ही सेवकरामच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. सेवकरामने टायरची बाजू अंगठ्याने दाबली. बारीक भेगा उघडल्या.

"भाऊ, हा टायर मेला."

"अजून जमिनीले लागला नाही अन् मेला?"

"खाचा पाहू नोका, बाजू पाहा. चालला नाही तरी रबर म्हातारा होते. वरून तुमी त्याले तेल पाजलं."

"तू पंक्चर काढ ना बे. डॉक्टरकी कायले करून राहिला?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. सेवकरामने मान खाली घालून टायर चढवला.

चौथ्या दिवशी इश्वरभाऊंच्या शेजारच्या तुलारामच्या बायकोला, ताराबाईंना, कळा सुरू झाल्या. सातवाच महिना होता. भंडाऱ्याला न्यायचं ठरलं. मी पुढे बसलो, ते दोघं मागे. दुपारची वेळ, डांबर वितळलेलं. कारधा गावाच्या अलीकडे तो टायर फुटला. टॅक्सी डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून शेतात, धानाच्या कोरड्या बांधीत उतरली आणि मातीच्या उंच धुऱ्यावर आदळली.

ताराबाईंना आम्ही बाहेर काढलं. लुगडं रक्ताने भिजलं होतं. तुलारामने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"भाऊ, पाणी तरी द्या ना जी!" तो ओरडला.

इश्वरभाऊ चाकाशी उकिडवे बसले होते. फाटलेल्या टायरच्या खाचेत काडी उभी करत होते.

"पाह्य ना," ते मला म्हणाले, "गुल पुरा बुडून राहिला. टायर चांगला होता."

मी रस्त्यावर जाऊन हात हलवत उभा राहिलो.

मागून आलेल्या एस.टी.ने ताराबाईंना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. मूल वाचलं नाही.

स्टँडवर लोक म्हणाले, रस्ता तापला होता. कोणी म्हणालं, नशीब. सेवकरामच्या इशाऱ्याचं नाव कोणीच काढलं नाही. मीही नाही. चहाच्या टपरीवर तीच माणसं, तेच हसणं. मला तिथे उभं राहवेना.

तुलाराम मात्र रोज इश्वरभाऊंकडे यायचा. भांडायचा नाही.

"भाऊ, टायर खराब होता, येवढंच म्हना. बाकी काही नाही मांगत."

"काहून म्हनू? कोरा होता तो, पाच दिवसबी वापरला नाही."

असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी इश्वरभाऊ टायर आणि लोखंड कापायची करवत घेऊन तुलारामच्या अंगणात आले. मला बोलावून घेतलं.

"कापूनच दाखवतो. अंदरून चांगला निंघन, मंग बोल."

ताराबाई दारात बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. करवत चालू लागली. कुजक्या तेलाचा वास अंगणभर झाला. रबर कापलं जात नव्हतं, भुगा होऊन गळत होतं. टायरच्या काठात असलेल्या तारेशी करवत अडकली. इश्वरभाऊंनी भुगा चिमटीत घेतला, चुरगळला, नाकाशी नेला. तुलाराम वाट पाहत होता.

"ह्या बाजूनं उंदरानं खाल्ला दिसते," ते उठत म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं उद्या कापतो."

ते पुन्हा आले नाहीत. टॅक्सी विकली आणि आंधळगावला मुलीकडे राहायला गेले. तिथेच १९८५ साली वारले. टायर तुलारामच्या अंगणात अर्धा कापलेला पडून होता, करवत तारेत अडकलेली.