लेण्याकडं पाठ करून

श्रीनिवास चौसाळकरांनी वेरूळचं कैलास लेणं उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना दाखवलं, की मोजायचं म्हटलं तर एक तालुका भरेल. पण ते त्यांनी स्वतः पाहिलं किती, हा प्रश्न वेगळा. गाईडचं काम असतंच तसं. लोकांनी लेण्याकडं बघायचं आणि गाईडनं लोकांकडं. कोण पेंगतंय, कुणाला ऊन लागतंय, कुणाचं पोरगं दगडी हत्तीवर चढायच्या बेतात आहे, हे सगळं ध्यानात ठेवत चौसाळकर उलट्या पावली चालत. लेण्याकडं पाठ, लोकांकडं तोंड. वेरूळचा प्रत्येक उंबरठा त्यांच्या टाचांना पाठ होता. उंबरठा आला की टाच आपोआप उचलली जायची आणि बोलण्यातलं वाक्य कुठंही तुटायचं नाही. नवे गाईड ते बघायलाच उभे राहत.

हर्सूलला त्यांचं घर. घरात पत्नी दमयंतीबाई. आता ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण या बाईंनी वेरूळ एकदाच पाहिलं होतं, तेही शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा एसटी लागल्यामुळं त्या बहुतेक वेळ झाडाखाली आडव्या होत्या. लग्नानंतर "जाऊ की एकदा" हे वाक्य घरात कायम नांदलं. पण लेणी मंगळवारी बंद, म्हणून चौसाळकरांची सुट्टी मंगळवारची. त्यांना सवड असली की लेण्याला कुलूप, आणि लेणं उघडं असलं की ते कामावर. पाहुणे आले की चौसाळकर हौसेनं त्यांना घेऊन जात आणि दमयंतीबाई मागं राहून सगळ्यांचं जेवण रांधत. पाहुणे परत येऊन म्हणत, "वहिनी, काय सांगतात हो भाऊ! डोळ्यांपुढं उभं करतात." दमयंतीबाई म्हणत, "व्हय का?" आणि ताटं घेत.

लेक अश्लेषा नोकरीसाठी सायप्रसला गेली. भूमध्य समुद्रातलं ते बेट, आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पाफोस हे तिचं गाव. उन्हाळ्यात वेरूळला गिऱ्हाईक रोडावतं, तेव्हा या, असा तिनं धोशा लावला. तिकिटं आली. ती न्याहाळता न्याहाळता दमयंतीबाई म्हणाल्या, "एक सांगू का? तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाय. कुणाचं बुकिंग नाय. तिथं मला दाखवा."

"मला तरी कुठं माहितीये तिथलं?"

"मग शिका की. अजून महिना आहे."

चौसाळकरांनी ते मनावर घेतलं. मोबाईलवर पाफोसचे व्हिडिओ बघितले, सनावळ्या पाठ केल्या, सकाळी हर्सूल तलावावर फिरताना पुटपुटत चालायचे. फिरायला येणारी मंडळी म्हणायची, चौसाळकर जपाला लागले वाटतं. बायकोनं एवढ्या वर्षांत एक गोष्ट मागितली होती, आणि ती नेमकी आपल्याला येणारी होती, याचा त्यांना आनंदही झाला होता आणि थोडी धास्तीही वाटत होती.

पाफोसच्या बंदरावर एक छोटा चौकोनी किल्ला आहे. पहिला मुहूर्त तिथं. चौसाळकर किल्ल्याकडं पाठ करून उभे राहिले, घसा खाकरला आणि सुरू झाले. वेरूळच्या वाऱ्यात कमावलेला आवाज तो, बंदरभर गेला. इंदूरचं एक कुटुंब आपल्याकडची भाषा कानावर पडली म्हणून जवळ आलं. त्यांच्यासाठी चौसाळकर हिंदीवर आले. मग दोन इंग्रज जोडपी थांबली, म्हणून इंग्रजीवर आले. गर्दी बघून त्यांना चेव चढला. इंदूरच्या आजोबांना पुढं घेतलं, इंग्रज बाईंना सावलीत उभं केलं, आणि या सगळ्यात दमयंतीबाई मागं मागं सरकत शेवटी होड्यांपाशी एका बाकावर जाऊन बसल्या. पिशवीतलं संत्रं सोलून त्यांनी ते एकटीनं खाल्लं.

संध्याकाळी चहा घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "छान सांगितलंत म्हणे. मला मागं ऐकू आलं नाही."

अश्लेषानं बाबांकडं बघितलं. बाबांनी कपात बघितलं.

पुढच्या रविवारी अश्लेषानं गाडीतून लांबच्या किनाऱ्यावर नेलं. समुद्रात एक भलामोठा खडक उभा, किनाऱ्यावर गोल गोल गोटे. चौसाळकर या खेपेला हळू बोलले. प्रेमाची देवी इथंच फेसातून वर आली, आणि या खडकाला पोहत तीन चकरा मारल्या की माणूस पुन्हा तरुण होतो, अशी समजूत आहे, असं त्यांनी सांगितलं.

"पुन्हा तरुण होऊन काय करू?" दमयंतीबाई म्हणाल्या. "पुन्हा तुमचे पाहुणे, पुन्हा तोच स्वयंपाक?"

अश्लेषा हसली. चौसाळकरही हसले, पण ते त्यांना लागलं. आपण पाठ केलेलं सगळं सांगतोय आणि तरी बाईला काहीच पोचत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. का पोचत नाही ते मात्र उमजत नव्हतं. परत जायला थोडेच दिवस उरले होते.

राहता राहिली राजांची थडगी. समुद्रालगत उघड्या माळावर खडकात खोल कोरलेली. अश्लेषानं दोघांना फाटकाशी सोडलं आणि ती ऑफिसला गेली. पायऱ्या उतरून दोघं खाली आले. वर मोकळं आभाळ, चारी बाजूंना खडकातूनच काढलेले खांब, मधे चौकोनी अंगण. त्या वेळी तिथं दुसरं कुणी नव्हतं. आता फक्त तिच्यासाठी, असं ठरवून चौसाळकर तिच्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि बोलत बोलत नेहमीसारखे मागं सरकू लागले. पण हे वेरूळ नव्हतं. अंगणाच्या कडेचा बुटका दगडी कठडा टाचांच्या ओळखीचा नव्हता.

"अहो, सावकाश," असं दमयंतीबाई म्हणेपर्यंत ते धप्पकन अंगणात बसले होते.

"लागलं का?"

"नाय."

"खरं सांगा."

"लागलं," ते घोट्यावर हात धरून म्हणाले.

दमयंतीबाईंनी त्यांचा बूट काढला, घोटा दाबून बघितला. हाड शाबूत होतं. मग त्यांना हसू आलं, आणि ते आवरेना. हसता हसताच त्या त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून बसल्या. चौसाळकरांना उठता येत नव्हतं, त्यामुळं प्रथमच असं झालं की दाखवायची वस्तू दोघांच्याही समोर होती.

"हे खांब बाहेरून आणले का?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"नाही. याच खडकातले. आपल्या कैलासासारखंच, वरून खाली कोरत आलेत."

"आणि राजे कुठं आहेत?"

"राजे नाहीतच. नुसतं नाव पडलंय. मोठे अधिकारी पुरलेत."

"म्हणजे तहसीलदार-बिहसीलदार."

"त्यातलेच."

"मेल्यावर पण सरकारी क्वार्टर," दमयंतीबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी एका कोपऱ्याकडं बोट केलं. "तिथला दगड तसाच खडबडीत का सोडला असंल? बाकी सगळं किती गुळगुळीत केलंय."

चौसाळकरांच्या ओठावर वाक्य आलं. 'याबाबत विद्वानांत मतभेद आहेत.' गाईडला एखादी गोष्ट ठाऊक नसली की हे वाक्य वापरायचं असतं, आणि त्यांनी ते आयुष्यभर वापरलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

दमयंतीबाईंनी वळून त्यांच्याकडं बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

हे त्यांना कुठल्याच पर्यटकानं कधी विचारलं नव्हतं. ते त्या कोपऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. छिन्नीचे तिरपे घाव दिसत होते, एका फटीत पिवळं फूल उगवलं होतं.

"जेवायला गेला असंल कारागीर," ते म्हणाले.

"आणि घरी पाहुणे आले असतील, म्हणून बायकोनं बसवून घेतला असंल."

"मग बरं झालं की. एक दिवस तरी घरी बसला."

वाऱ्याबरोबर समुद्राचा आवाज अंगणात उतरत होता. ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकलं. कोपऱ्यातून एक जाडजूड सरडा वर चढला आणि उन्हात मान वर करून बसला.

"ते बघ," चौसाळकर हळूच म्हणाले. पुढं काहीच सांगितलं नाही.

दमयंतीबाई बघत राहिल्या.

फोन वाजला. अश्लेषा होती. "आई, कंटाळलीस का? बाबांचं सांगून झालं का?"

"सांगत नाहीयेत आज. आम्ही बघतोय. तू तुझं काम उरकून ये, घाई नको करू."

फोन पिशवीत टाकून त्यांनी आपली ओढणी चौसाळकरांच्या घोट्याला घट्ट बांधली. पायाचं त्या लेकीला बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या, तर ती लगेच गाडी घेऊन आली असती.