पाठमोरा गणपती

कमळाकाकींच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा भिंतीवरचा गणपती आमच्याकडे पाठ करून होता. म्हणजे कॅलेंडर उलटं टांगलेलं. चित्र भिंतीकडे आणि कोरी बाजू आमच्याकडे. मला वाटलं, वाऱ्यानं फिरलं असेल. सरळ करायला मी हात पुढे केला, तर काकींनी माझं मनगट धरलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मला थेट बाहेर ओट्यावर आणलं. "आज नाय हात लावायचा," एवढंच म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी नवी शेजारीण. विचारणार तरी कसं?

बोईसरजवळ सालवडला आमची बैठी चाळ होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते, त्यामुळे कुठली वस्तू कुठे आणि का, हे माहीत नसलं की मला चैन पडत नसे. काकी तारापूरच्या वाडीतल्या. मुलाला, रमेशला, इथे फिटरची नोकरी लागली म्हणून वाडी दिरांवर सोपवून आलेल्या. त्यांची आणि माझी भिंत एकच, आणि भिंतीतले उंदीरही सामाईक. मी पिंजरे आणले, बिळांत काचा घातल्या, डबे झाकले. उंदीर कमी होईनात. काकींकडे मात्र दर पंधरवड्याला एकदोन मेलेले सापडत.

गुपित कळायला मला वर्ष लागलं. काकी जवळ्याचे वडे करत. सुका जवळा, तांदळाचं पीठ, लसूण. वास असा की चाळभर माणसं दारात येत. त्यातले तीनचार बाजूला काढून त्यात औषध मिसळायचं आणि पत्र्याच्या झाकणात ठेवून द्यायचे. पण या सगळ्यात एक शब्दही उच्चारायचा नाही. उंदराचं नाव नाही, औषधाचं नाही, मारण्याचं तर नाहीच. हे त्यांनी मला सांगितलं तेसुद्धा घरात नव्हे. नळापासून दूर, नाल्याच्या पुलापाशी नेऊन.

"उंदराला कान असतात गो, वसू. माणसाला तोंड असतं. तोंड उघडलं की औषध फुकट."

"काकी, उंदराला मराठी कळतं?"

"तारापूरच्याला कळायचं. इथल्याला पण कळतं. मी बघितलंय."

त्यांनी खरंच बघितलं होतं. पलीकडच्या खोलीतला वेल्डर मिश्रा एकदा औषध घेऊन आला आणि दारातूनच बायकोला ओरडला, "सुनती हो? चूहे की दवा लाया हूँ, बढ़ियावाली!" काकींनी कपाळावर हात मारला. "झालं. आता चाळीतला एकपण खायचा नाय." आणि कुणी खाल्लं नाही. मिश्राचं औषध तसंच्या तसं पडून राहिलं. मी मनात म्हटलं, औषध शिळं असेल. पण पुडी मी स्वतः बघितली होती. ताजी होती.

"आता हिंदी पण कळतं त्यांना?" मी विचारलं.

"वसाहतीत राहतात ना," काकी म्हणाल्या.

गणपतीचं कोडं मात्र मला कधीच नीट सुटलं नाही. विष ठेवायच्या दिवशी काकी कॅलेंडर फिरवत. त्या चित्रातला उंदीर फार देखणा होता. मागच्या पायांवर बसलेला, पुढच्या पायांत लाडू, मान वर. एकदा पुलापाशी विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, "देवाला बघायला लावायचं काय, आपल्या गाडीवाल्याच्या भाईबंदांना मारताना? त्याला वाईट वाटेल." पुन्हा कधी विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं काय नाय गो, तो उंदीर चुगलीखोर हाय. चित्रातला असला तरी जात तीच." देवाची लाज की उंदराची भीती? दोन्ही एकदम कसं असेल? काकींना त्यात काही विचित्र वाटत नसे.

घरात बोलायचं नाही, म्हणून पाठमोरा गणपती हीच सूचना झाली होती. रमेश लहानपणापासून तेवढं शिकला होता. गणपतीची पाठ दिसली की घरात उघडं पडलेलं काही तोंडात टाकायचं नाही. गणपती समोर असला की खुशाल खा. मला ही व्यवस्था पसंत नव्हती, पण ती चालत होती, हे मान्य करायला हवं.

मग रमेशचं लग्न झालं. सुलभा पालघरची, देवभक्त घरातली, गोड मुलगी. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात सांगता येत नव्हतं, आणि काकींचा बेत होता की पाडव्याला चिंचणीच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि तिथे लाटांच्या आवाजात सगळं सांगायचं. पाडवा यायचा होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी काकींनी गणपती फिरवला, वडे ठेवले आणि त्या बोईसरला गेल्या. सुलभानं केर काढताना वर बघितलं. देवाची पाठ! तिनं घाबरून चित्र सरळ केलं, वर जास्वंदही वाहिली आणि ती नळावर कपडे घेऊन गेली. दुपारी पहिली पाळी सुटली. रमेश भुकेला आला. गणपती समोर, वडे झाकणात. त्यानं दोन खाल्ले आणि आडवा झाला.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. बाजारातून परतलेल्या काकी माझ्या दारात आल्या, चेहऱ्यावर रंग नसलेल्या. तोंडाकडे बोट, मग भिंतीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"काय झालं? दात दुखतोय?"

त्यांनी मान जोरात हलवली, माझा हात धरला आणि मला ओढत रस्त्यावर नेलं. तिथे कानाला लागून म्हणाल्या, "रमेशनं खाल्लान."

मी धावले. रमेश पोट धरून बसला होता, घामानं भिजलेला. सुलभा दारात थिजलेली. मिश्रानं रिक्षा आणली आणि आम्ही बोईसरच्या डॉक्टरांकडे पोचलो.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय?"

मी म्हटलं, "उंदराचं औषध."

"कुठलं? काळी पूड की नवीन दाणे? दोन्हींवर उपाय वेगळा आहे. पुडी आणलीत?"

पुडी नव्हती. काकी ती दर वेळी नाल्यात सोडून देत, उंदरांच्या नजरेला पडू नये म्हणून. काय आणलं, किती घातलं, हे जगात एकट्या काकींना माहीत होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्या दवाखान्याच्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथे फरशीपाशी एक बीळ होतं.

"काकी, बोला!" मी म्हटलं. "तुमचा रमेश आहे तो!"

त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. मला अजून कळत नाही, तेव्हा त्या कशाला घाबरत होत्या. बोललं तर औषध फुकट जातं, हे त्यांचं तत्त्व. इथे ते फुकट जायलाच हवं होतं! हे मला त्या क्षणी सुचलं आणि मी वेड्यासारखी तेच म्हणाले, "काकी, फुकट जाऊ दे औषध! ओरडा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग अशा ओरडल्या की बाहेर रांगेतली माणसं उठून उभी राहिली. "काळी पूड! उंदराचं विष! अर्धा चमचा, चार वड्यांत! दोन खाल्लेत पोरानं! ऐकलंत सगळ्यांनी? विष हाय, विष!"

डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. पोट धुतलं, सलाईन लावलं आणि पालघरला मोठ्या इस्पितळात पाठवलं. रमेश वाचला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की काय खाल्लं ते लगेच कळलं म्हणून निभावलं. काकी मात्र म्हणत राहिल्या की ओरडले म्हणून औषधानं ऐकलं. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता का?

चाळीत मात्र वाद पेटला. चूक कुणाची? देवाला हात लावणाऱ्या सुनेची, असं बऱ्याच जणींचं मत पडलं. सुलभा पिशवी भरून कोपऱ्यात बसली. भाऊ न्यायला येणार होता. काकी इस्पितळातून आल्या, त्यांनी पिशवी बघितली आणि दारातच उभं राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिनं देव सरळ केला. कोण देव उलटा ठेवतं? मी ठेवला. मी मुकी राहिले. पिशवी आत टाक, सुलू, आणि भात टाक."

त्यानंतर गणपती फिरला नाही. काकींनी वडे सोडले नाहीत, फक्त पद्धत बदलली. विष ठेवायच्या दिवशी त्या ओट्यावर येऊन हाक देत, "ऐका गो सगळी! कमळीकडे आज विष हाय. चुलीमागं, झाकणात, तीन वडे. कोण हात लावू नका!" मिश्राच्या पोरांसाठी पुन्हा एकदा हिंदीत, स्वतःच्या त्या मोडक्या हिंदीत.

आणि त्या दिवसापासून एकाही उंदरानं वडा खाल्ला नाही. मी तपासलं. पुडी त्याच दुकानातली, जवळा ताजा, जागा तीच. सकाळी तीनचे तीन वडे जागेवर. मी कारणं शोधली. उंदीर शहाणे झाले असतील, शेजारी धान्याचं नवं दुकान निघालं होतं, तिकडे गेले असतील. एकही कारण मला पटलं नाही, आणि काकींचं कारण पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुढे माझी बदली होऊन मी पालघरला आले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांची हाक नुकतीच देऊन झाली होती. मी म्हटलं, "काकी, तुम्ही सांगता, ते ऐकतात, खात नाहीत. मग विष ठेवायचं कशाला?"

"ठेवायला लागतं," त्या म्हणाल्या. "नायतर सांगणार काय? आणि सांगायचं राहिलं की मी परत मुकी."

मला ते पुरतं कळलं नाही. मी पुन्हा विचारणार होते, पण त्यांनी हातानं मला थांबवलं आणि आत बघायला सांगितलं. आत रमेश जेवत होता. सुलभा त्याला अजून एक भाकरी घे म्हणून दटावत होती. आणि वर माळ्यावर कुणीतरी अगदी निवांत, सावकाश, काहीतरी कुरतडत होतं.