विमान कडूबा मागं उभा राहतो

जालना रोडला करमाडच्या अलीकडं-पलीकडं ट्रक, एसटी आणि कंपनीच्या बसगाड्या मुंग्यांसारख्या एकामागं एक सरकत असतील, तर समजावं, सगळ्यात पुढं कडूबाची पिकअप आहे. काटा चाळीसवर. स्टेअरिंगवर त्याची बायको साळूबाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. आणि मागं हौद्यात पांढऱ्या घोडीच्या गळ्यात हात टाकून, वरातीतल्या नवरदेवापेक्षा गंभीर तोंड करून उभा असलेला कडूबा. मागचे हॉर्न वाजवतात, आईबहिणीवरून शिव्या घालतात. त्यातली एखादी फर्मास निघाली तर कडूबा मान हलवून दादही देतो. त्या बाबतीत तो अजून जाणकार आहे.

ज्यांनी त्याचे जुने दिवस पाहिलेत, त्यांना हे चित्र पटत नाही. कारण तेव्हा या माणसाला सगळा रोड विमान कडूबा म्हणायचा.

त्याची काळी-पिवळी जीप होती, करमाड ते शहरातला क्रांती चौक. जीप नऊ जणांची, पण कडूबाचा हिशेब दाटीवाटीचा होता. तो स्वतः अर्धा बाहेर लोंबकळत गाडी चालवायचा, कारण त्याच्या अर्ध्या सीटवर एखाद्या गावचा सरपंच बसलेला असायचा. ब्रेक ही कंपनीनं भित्र्यांची सोय केली आहे, असं त्याचं स्पष्ट मत होतं. नास्तिक म्हणवणारे दोन मास्तर त्याच्या जीपमधून रोज जायचे आणि शेंद्र्यापर्यंत दोघंही आपापल्या कुलदैवताचा धावा करत असायचे. उतरल्यावर कुणी कुरकुर केली की कडूबाचा ठरलेला सवाल असे, "पोचलो का नाय?" याला कुणाकडं उत्तर नसे. जे पोचत नाहीत ते तक्रार करायला येत नाहीत.

जीपच्या मागं लटकायला मोतीराम नावाचा क्लीनर होता. माणसं कोंबून झाली की तो टपावर दोन थापा मारी. दोन थापा म्हणजे जाऊ दे, दाब. थांबायची खूण त्यांनी कधी ठरवलीच नव्हती. तिची गरज पडेल असं उस्तादाला वाटलं नव्हतं आणि शागिर्दाचं डोकं उस्तादाच्याच मापाचं होतं.

पुढं काळ्या-पिवळ्यांचे दिवस सरले. मोतीराम एका बँडपार्टीची गाडी चालवायला गेला. कडूबानं पिकअप घेतली, आणि त्याच सुमारास साळूबाईच्या बापानं, धोंडिबानं, थकल्यावर मेंढरं मोडली. मेंढपाळाचा संसार घोड्याच्या पाठीवर. साळूबाई चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसलेली. म्हाताऱ्यानं शेवटची शिंगरी लेकीला दिली. तिचं नाव पाखरी. साळूबाई तिच्याशी जेवढं बोले त्याच्या पावपट नवऱ्याशी बोलत नसे. नवऱ्यालाही ते बरंच होतं.

पाखरी देखणी निघाली. हलगी वाजली की पाय आपसूक उचलायची. बघता बघता लग्नांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आणि घर तिच्या चार पायांवर उभं राहिलं. लांबच्या लग्नाला तिला पिकअपमधून न्यायचं. पुढं कडूबा, मागं घोडीला धरून साळूबाई. विमानाला जमिनीवर आणायला साळूबाई टपावर थापा मारी. कडूबाचा पाय जुन्या सवयीनं रेसवर पडे. ती ओरडे, ते त्याला वाऱ्यात ऐकू येत नसे. निदान तो तसं सांगे. उतरल्यावर ती भांडायला उभी राहिली की हा दात काढून विचारी, "पोचलो का नाय?"

एका उन्हाळ्यात फुलंब्रीच्या गतिरोधकावर कडूबानं गचकन ब्रेक मारला आणि साळूबाईचं कोपर लोखंडी अँगलवर आदळलं. करमाडला येईस्तोवर ते नारळाएवढं सुजलं.

"मागं जीव असत्यात, याचं तरी भान ठेवा," ती म्हणाली.

"नीट धरायचं की," कडूबा म्हणाला. "धरायलाच तर बार लावलाय."

साळूबाई आंबेहळद उगाळायला आत गेली.

आठवड्यानं फर्दापूरच्या खंडेराव पाटलाच्या पोराचं लग्न आलं. साळूबाईचा हात अजून वर होत नव्हता. कडूबानं एकट्यानंच जायचं ठरलं. तिनं हौद्यात वाळू पसरली, वर कडबा टाकला, पाखरीला आखूड बांधलं आणि मागचा फाळका लावून दिला.

"चाळीसच्या वर काटा न्यायचा नाय. घाटात वीस. वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळणात शिरून नाय. ती एकदा का आत पडली, तर पुन्यांदा गाडीत चढणार नाय. जनावर एकदाच शिकतं. अन् ती चढली नाय, तर आपण काय खायाचं?"

"व्हय, व्हय," कडूबा म्हणाला. नवरा दोनदा व्हय म्हणाला की बाईनं काळजी करावी.

फुलंब्रीपर्यंत तो खरंच चाळीसनं गेला. मग पाटलाचे फोन सुरू झाले. "कुठं आलास?" "हे काय, घाट उतरतोय," असं कडूबानं सांगितलं तेव्हा सिल्लोडसुद्धा आलं नव्हतं. आता बोललेलं खरं करणं आलं. तशात एका दुधाच्या गाडीनं त्याला ओव्हरटेक केलं. दुधाच्या गाडीनं! विमानाला! काटा साठ, सत्तर, ऐंशी असा चढत गेला आणि अजिंठ्याचा घाट तो जीपच्या जुन्या थाटात उतरला. मागून धाड, धाड आवाज येत होते. पाखरी नाचाची तालीम करत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पोचला तेव्हा नवरदेव ऋतुराज ब्यूटी पार्लरमध्ये तोंडाला लेप लावून बसलेला होता आणि मुहूर्ताची घाई भटजींसकट कुणालाच नव्हती.

कडूबानं फाळका उघडला. पाखरी घामानं निथळत होती. पुढच्या गुडघ्याची सालपटं निघाली होती आणि चारी पाय फाकवून ती थरथरत होती. त्यानं तिला पाणी दाखवलं, घाम पुसला, आणि गुडघ्यावर जरीची पट्टी बांधून टाकली. आपल्याकडं लग्नात जरीखाली काय काय झाकलं जातं, त्यात एक गुडघा.

वरात निघाली. हलगी कडाडली, डीजेनं पत्रे हलवले. पण पाखरी नाचेना. रस्ता आता कुठल्याही क्षणी वळण घेईल अशा धास्तीनं ती पाय फाकवूनच उभी राही आणि दोन पावलं टाकून पुन्हा थांबे.

"कडूबा," पाटील खेकसले, "ही घोडी हाय का खाट?"

तरी ऋतुराज कसाबसा मांडवात पोचला, अक्षता पडल्या, कडूबालाही मानाचा फेटा बांधला गेला. खरा तमाशा पंगतीनंतर झाला. चढायला सोपं जावं म्हणून पिकअपची पाठ उंच बांधाला लावली, फाळका टाकला, आणि पाखरीनं आत पाय घालायला नकार दिला.

पोटभर जेवलेल्या वऱ्हाड्याइतका जाणकार माणूस जगात नसतो. एकानं सांगितलं, ओढा. दुसऱ्यानं सांगितलं, ढकला. ढकलणाऱ्याला पाखरीनं लाथेनं थोडक्यात उत्तर दिलं. कुणी डोळे बांधले, कुणी जिलेबी दाखवली; जिलेबी तिनं खाल्ली आणि पुन्हा मागं सरली. कडूबाच्या कानात साळूबाईचं एकच वाक्य वाजत होतं: आपण काय खायाचं?

शेवटी लाज गिळून त्यानं फोन लावला. साळूबाईनं चेहरा दाखवायचा फोन लावायला सांगितला.

"गुडघ्याची पट्टी काढा."

त्यानं काढली. तिनं फोन गुडघ्याजवळ न्यायला लावला आणि एकेक सालपट पाहून घेतलं. शिव्या आल्या असत्या तर कडूबाला हायसं वाटलं असतं.

"आधी तुमी चढा," ती म्हणाली. "ती जिथं उभी ऱ्हाती तिथं उभं ऱ्हावा. हातात चंदी घ्या, अन् तोंड बंद ठेवा."

कडूबा हौद्यात जाऊन ओंजळीत भिजवलेले हरभरे धरून उभा राहिला. सगळं वऱ्हाड बघत होतं. उन्हं कलली तसं पाखरीनं एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं, आणि येऊन त्याच्या ओंजळीत तोंड खुपसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण कडूबा गाडी चालवायला खाली उतरला की ती बाहेर उडी घ्यायला वळे. तो वर चढला की शांत. म्हणजे गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी होती.

"उस्ताद, चावी द्या," गर्दीतून आवाज आला. बँडपार्टी मुक्कामाला होती आणि तिचा ड्रायव्हर रिकामा होता. मोतीराम! "तुमी शिकवलं तसंच आणतो बघा."

"हळू चालव बरं का," कडूबा म्हणाला. मोतीराम खो खो हसला. विमान कडूबानं हळू चालव म्हणावं, याच्यापेक्षा मोठा विनोद त्यानं ऐकला नव्हता. कडूबाचा फोन चार्जिंगला केबिनमध्ये लागला आणि गाडी सुटली.

शागिर्द तयार झाला होता. पहिल्याच वळणाला कडूबा या फळीवरून त्या फळीवर गेला. त्याला निदान धरायला हात होते, पाखरीला नव्हते. तिचे खूर वाळूत घसरत होते, डोळे पांढरे झाले होते. कडूबानं टपावर दोन थापा मारल्या. मोतीरामनं रेस दिली. कडूबानं आणखी जोरात थापा मारल्या. उस्ताद खूश आहे असं वाटून मोतीरामनं पुढची जीप ओव्हरटेक केली. पाखरी गुडघ्यावर आली. कडूबानं तिच्या छातीखाली खांदा घातला आणि ओरडायला लागला, पण त्याचं त्यालाच वाऱ्यात ऐकू येईना.

साळूबाई इथंच उभी असायची. याच फळीला टेकून, याच टपावर हात आपटत. आणि आपण पुढं बसून गाणी म्हणायचो. विमान कडूबाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यानं डोक्यावरचा मानाचा फेटा सोडला आणि एक टोक ड्रायव्हरच्या खिडकीपुढं सोडलं. ते मोतीरामच्या तोंडावर फडफडलं. गचकन ब्रेक लागला, पाखरी पुढं आली, आणि ती व केबिन यांच्यामध्ये कडूबाच्या बरगड्या सापडल्या.

मोतीराम खाली उतरून वर बघत म्हणाला, "काय उस्ताद, कमी पडतंय का?"

"मुडद्या, हळू! मेलो की रं!"

"मग थापा कशाला मारता? अन् मेलो काय? नीट धरायचं की."

कडूबानं पाखरीला उभं केलं आणि बजावलं, आता थाप पडली की ब्रेक.

तिथून गाडी वळणाआधी हळू होत, कडूबाच्या हुकमानं, करमाडला आली. वाटेत सायकलवाले पुढं गेले. कडूबा सगळा रस्ता पाखरीच्या कानात बोलत होता. आता डावीकडं वळण हाय बरं. आता खड्डा हाय. दारात साळूबाई उभी होती. सवयीनं कडूबा "पोचलो—" एवढं बोलला आणि पुढचं त्यानं गिळलं. साळूबाईनं बऱ्या हातानं पाखरीचे चारी पाय चाचपले आणि तिला आत नेलं.

पाखरी त्यानंतर कडूबा आधी आत चढला तरच गाडीत चढू लागली. मग काय करायचं? साळूबाई गाडी शिकली. कडूबाकडून नव्हे, शहरातल्या शाळेत पैसे भरून. तेव्हापासून ती पुढं आणि तो मागं. घाटात तर तो थाप मारायच्या आधीच काटा विसावर आलेला असतो. आता पाखरी पुन्हा नाचते.

परवा दोघं क्रांती चौकात पाखरीसाठी नवी मखमली झूल घ्यायला निघाले. घोडी घरी. कडूबा स्टेअरिंगवर, साळूबाई शेजारी. काटा चाळीसवर. एक दुधाची गाडी भर्रकन पुढं गेली आणि त्यानं जाऊ दिली.

"आज मागं पाखरी नाय," साळूबाई म्हणाली. "मग एवढं हळू कशापायी?"

कडूबानं अख्खं शेंद्रा मागं जाऊ दिलं.

"तवा तुला म्हणलो व्हतो, नीट धरायचं की," तो म्हणाला. "नुसता बार धरून काय व्हत नसतंय तिथं. मी उभा ऱ्हायलोय आता."

साळूबाईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर दोन थापा मारल्या. कडूबाचा पाय लगेच ब्रेकवर गेला.

"अवो, जाऊ द्या म्हणतेय," ती म्हणाली. "दुकानं बंद व्हतील."

कडूबानं आधी आरशात मागं पाहिलं आणि काटा पंचेचाळीसवर नेला.