कवळ तोडणारा कवी

काका ऐनाच्या झाडावरून पडला तेव्हा मी मुरबाडला कॉलेजच्या लायब्ररीत होते आणि माझ्यासमोर झाडांवरच्याच कविता उघड्या होत्या. मराठीच्या सरांनी प्रकल्प दिला होता : माणूस झाडांशी, निसर्गाशी किती निर्दयपणे वागतो, ते कवितेत कसं येतं. तेवढ्यात आईचा फोन आला. "घरी ये गो. शिवा भावजी पडलं." कुठून पडला ते मी विचारलंही नाही. पौषात आमच्याकडे राबासाठी झाडं छाटतात, आणि या दिवसांत माणूस पडला म्हणजे कुठून पडला हे विचारावं लागत नाही. धसईच्या एसटीत चढले तेव्हा काका जिवंत होता. उतरले तेव्हा नव्हता.

आता काही आठवडे झाले. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण काकाबद्दल लोक जे बोलतायत ते ऐकून गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

शिवराम काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. सातवीपर्यंत शिकलेला, भात आणि नाचणी पिकवणारा, आणि कवी. कविता जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचा आणि त्या बहुतेक झाडांवरच्या असायच्या. आणि हाच माणूस दर हिवाळ्यात कमरेच्या आकडीत कोयता अडकवून ऐनावर चढायचा आणि पाल्यासकट फांद्या सपासप खाली पाडायचा. याला आम्ही कवळ तोडणं म्हणतो. ही कवळं वाळवून, जिथं भाताचं रोप करायचं तिथं पसरून उन्हाळ्यात जाळायची, तो राब. राब भाजल्याशिवाय रोप जोमानं येत नाही, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात. बाहेरचा कोणी या दिवसांत आला तर आमच्या माळावरची ती नुसते बुंधे उरलेली झाडं बघून दचकतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही. काकाला वाटायचं.

अकरावीत मी एक कविता लिहिली होती. 'हे मानवा, किती तू निर्दय' अशी तिची सुरुवात होती. मोठ्या हौसेनं काकाला वाचून दाखवली. तो ओटीवर बसून भाकरी खात होता. सगळी ऐकली आणि म्हणाला, "चांगली हाय गो. पन हा मानव कुठल्या गावचा?"

"म्हणजे?"

"नाय, आपल्या पाड्यात तर या नावाचा कोन नाय. धसईत असंल तर बाजाराच्या दिवशी बघतो."

काकी आतून हसली. "पोरीला कशाला छळताव?" मी रुसून बसले. मग त्यानं हात धुतले आणि एका पत्रिकेमागची कविता वाचली :

दरसाल चढतो तुझ्या खांद्यावर,
दरसाल तोडतो तुझेच हात.
आणि तू पुन्हा पालवतोस...
मला लाज वाटावी म्हणून,
की माझं भात व्हावं म्हणून?

मी विचारलं, "एवढं वाटतं तर तोडतोस कशाला?"

"तू भात खातेस ना?" तो म्हणाला. मग पत्रिकेची घडी घातली. "खा, खायालाच पायजे. पन तोडताना बरं वाटत नाय, ते कुठं ठेवू? म्हनून लिवतो."

प्रकल्पासाठी मी ज्या कविता गोळा केल्या त्यांत कुऱ्हाड नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. ठेकेदाराच्या, शहराच्या, नाहीतर त्या मानवाच्या. काकाच्या कवितेत ती त्याच्याच हातात होती. एकदा त्याला शहापूरच्या कविसंमेलनात बोलावलं होतं, मीही सोबत गेले होते. सूत्रसंचालकानं माइकवर विचारलं, "आपण काय करता?" काका म्हणाला, "झाडं तोडतो." लोकांना वाटलं गंमत करतोय. हसले, टाळ्या वाजवल्या. परत येताना गाडीत तो सारखा खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "खरं बोललो गो, तर टाळ्या पडल्या."

आणि आता तो गेल्यावर लोकांनी याचंही गाणं केलं. दहाव्याला नदीवर कुणीतरी म्हणालंच, "झाडावर गानी रचत होता, झाडानंच नेला." एका वाक्यात काकाचं सगळं आयुष्य संपवल्यासारखं ते वाक्य पाड्यात फिरलं. ज्या झाडानं माणूस नेला ते उभं ठेवत नाहीत, अशी आमच्याकडे रीत आहे. बाराव्यानंतर बाबांनी कुऱ्हाडीला धार लावली. बाबा तसे कुणावर चिडणारे नाहीत. पण शेताकडं जाताना तो ऐन वाटेवरच लागतो, आणि काका गेल्यापासून बाबा लांबच्या बांधावरून वळसा घालून जात होते.

संध्याकाळी ते काकाच्या ओटीवर गेले. मीही मागोमाग गेले. "सुमन, ते झाड मी ठेवनार नाय," ते काकीला म्हणाले.

काकी उंबऱ्याच्या आत होती. बाबा तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. पदर सावरून ती म्हणाली, "झाडानं काय केलं, दादा? ते उभं होतं तिथंच उभं हाय. हे चढलं त्याच्यावर."

"रोज दिसंल तुला."

"तोडलं तर दिसायचं थांबंल काय?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "रीतच हाय गो तशी."

"असंल," काकी म्हणाली. "यांनी दरसाल त्याच्या फांद्या उतरवल्या, तवा झाडानं कुठली रीत काढली?"

बाबा उठले आणि कुऱ्हाड घेऊन निघून गेले. ते ऐकणार की नाही, मला कळेना.

सकाळी शेताकडून घाव ऐकू आले. मी तशीच धावत सुटले. ऐनाची एक बाजू काकानं उतरवलेली, बोडकी, आणि दुसऱ्या बाजूला अजून भरगच्च पाला... आणि त्या पाल्यात बाबा. कुऱ्हाड नव्हती, हातात कोयता होता. गुडघे दुखतात म्हणून कित्येक वर्षांत ते झाडावर चढले नव्हते. खाली काकी पडलेली कवळं ओढून बाजूला करत होती. मला बघून बाबा वरूनच म्हणाले, "राब अर्धा ठेवून कसं चालंल?"

प्रत्येक फांदी पडताना मी मान वर करून बघत होते. झाडासाठी की बाबांसाठी, ते मला सांगता येणार नाही. मीही कवळं ओढायला लागले. सगळ्यात शेवटी टोकाचा तुरा राहिला. बाबांनी खाली बघून विचारलं, "शिवा शेंडा ठेवायचा ना?"

"ठेवायचं," काकी म्हणाली. "शेंड्याला कदी हात लावला नाय त्यांनी."

बाबा हळूहळू उतरले आणि बुंध्याला पाठ टेकून खाली बसले. तिथंच रडले.

आता कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीतून तो ऐन दिसतो. सगळा बोडका आणि वर तेवढाच एक तुरा. शेंडा राखला तर झाड पुन्हा फुटतं; तो राखणं ही काकाची माया होती की पुढच्या सालच्या कवळाची सोय, हे त्याला विचारायचं राहून गेलं. गाडी वळेपर्यंत मी बघत राहते. वारा नसला तरी तो तुरा हलतोय असं वाटतं...