कच्च्या टाक्यातला कोट

म्हैसूरच्या लोकल रेडिओवर मी सकाळी गप्पांचा कार्यक्रम करायचे. पाहुण्याला बोलतं करणं हे माझं काम, आणि त्याची मला भारी घमेंड होती. आज ती आठवली की हसू येतं आणि लाजही वाटते.

एकदा एका पक्षाच्या शहराध्यक्षपदासाठी दोघांत जुंपली होती. दोघांनीही कार्यक्रमाला येतो म्हणून ऐनवेळी टांग दिली. मग मी देवराज मोहल्ल्यातल्या दुकानातून अप्पांना, माझ्या वडिलांना, रिक्षात घालून आणलं. दोन्ही उमेदवार कोट त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचे. त्यातले एक तर आमच्याच मराठी माणसांतले, अप्पांचे तीस वर्षांचे दोस्त; मी त्यांना काका म्हणायचे. रोज पाचला दुकानात यायचे आणि दोघं मिळून बाय-टू कॉफी घ्यायचे, म्हणजे एकाच कॉफीचे दोन पेले.

अप्पा माइकसमोर झकास कन्नड बोलले. शेवटी मी खोदून विचारलं, जिंकायची खात्री कोणाला जास्त आहे? माप घेताना ऐकलेलं दुकानाबाहेर न्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. पण लेक विचारतेय म्हटल्यावर अप्पा विरघळले. हसत म्हणाले, "एकानं कोट अंगावर घालूनच नेला. दुसरे म्हणाले, निकालापर्यंत कच्च्या टाक्यातच ठेवा, पक्की शिलाई नंतर बघू."

नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. पण एकाच्या अंगावरचा नवा कोट गावानं पाहिला होता. संध्याकाळपर्यंत जो तो म्हणू लागला, दुसऱ्याला स्वतःचाच भरवसा नाही. अप्पांचे दोस्त थोडक्या मतांनी पडले.

ते पुन्हा दुकानात आले नाहीत. अप्पांनी मला एका शब्दानंही दुखावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. बाय-टू मात्र ते मागवतच राहिले. मी दुकानात गेले की दुसरा पेला माझ्यापुढे सरकवायचे. कॉफी तशीच निवायची. समोर खुंटीवर तो कोट, पांढरे टाके तसेच.

बऱ्याच वर्षांनी अप्पांची नजर मंदावली, तेव्हा महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं. ते काकांच्या कानावर गेलं असावं. एका संध्याकाळी काका काठी टेकत आले. अप्पांनी खुंटीवरून कोट उतरवला आणि त्यांच्या अंगावर चढवला. खांद्यात ढगळ झाला होता.

"काका, चूक माझी होती," मी म्हणाले. "मीच खोदून विचारलं."

"असू दे गं. तुझे अप्पा खरं तेच बोलले की. नव्हतीच मला खात्री."

अप्पा खडूनं खुणा करत होते. "चार दिवसांत पक्का करून देतो," ते म्हणाले.

"इर्ली बिडी," काका कन्नडमध्येच म्हणाले, राहू द्या हो. "घाई काय आहे? कच्चाच ठेवा. उद्या पाचला येतो की ट्रायलला."

महिनाअखेर बंद व्हायचं ते दुकान पुढे दीड वर्ष चाललं, त्या एका कोटाच्या ट्रायलसाठी.